नाब्लाची भिंत आणि एकशे सात दगड

फार वर्षांपूर्वी, समुद्रावर सगळी शिडाचीच गलबतं फिरत होती आणि बटाटा अजून शेतातच सडून माणसाला दगा द्यायला शिकला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पण ती सांगण्याआधी तुम्हाला त्या गावात नेऊन उभं केलं पाहिजे, नाहीतर तुम्ही विचाराल, भिंतीची कसली आलीय गोष्ट?

गाव आयर्लंडच्या पश्चिम कडेला आहे. नाव किलनाक्लॉय. त्याच्यापुढे नुसता समुद्र, आणि समुद्रापलीकडे एकदम अमेरिका. आज तिथे प्रवाशांच्या बसगाड्या येतात. गवताने शाकारलेली पांढरी घरं, लाल-निळी दारं, कमानीचा दगडी पूल, छप्पर उडालेलं जुनं चर्च, त्यात उभ्या राहून चरणाऱ्या मेंढ्या. लोक उतरतात, फोटो काढतात, चहा पितात आणि जातात. सुंदर गाव पाहिलं की माणसाचं प्रश्न विचारणं बंद होतं, हा मोठा दोष आहे. तुम्ही तसं करू नका. तुम्ही भिंतींकडे बघा.

भिंती सगळीकडे आहेत. आपल्या कोकणात ज्याला गडगा म्हणतात ना, तशा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. दगडांमध्ये फटी ठेवलेल्या, कारण तिकडचा वारा वेडा आहे. त्याला जायला जागा दिली नाही तर तो भिंतच घेऊन जातो. कोकणात गडग्याला निदान लाकडाचं बेडं असतं, आत-बाहेर करायला. इथे तेही नाही. झाडंच नाहीत तर फाटक कशाचं करणार? मग गाय शेतात कशी घालायची? तर भिंतीचा एक तुकडा हाताने उतरवायचा, गाय आत घालायची आणि तुकडा परत रचायचा. रोज. वर्षानुवर्षं. हे त्यांना इतकं साधं वाटतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही.

तर या गावात नाब्ला नावाची मुलगी होती. वीस-एकवीस वर्षांची. तिचे आईवडील लवकर गेले. तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला, युनाला, त्यांच्या आजोबांनी वाढवलं. आजोबांचं नाव कॉलमन. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा भिंत रचणारा कोणी नव्हता. असं म्हणतात की कॉलमनने दगड उचलला की तो परत खाली ठेवला जात नसे. पहिल्याच फेरीत तो भिंतीत आपल्या जागी बसे.

कॉलमनला नातू नव्हता. त्यांनी ती विद्या नाब्लाला दिली, पण नाइलाजाने दिली. रोज एक तरी टोमणा मारत. बाईने रचलेली भिंत माहेरी पळते, असं ते म्हणत. नाब्ला म्हणे, मग बरंच आहे, निदान ती कुठेतरी जाते तरी. आजोबांचे हात कापायला लागले तोवर नाब्ला त्यांच्यापेक्षा चांगली भिंत रचू लागली होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मोठ्याने म्हणत कोणी नव्हतं.

गावाच्या पश्चिमेला दोन कडे आहेत आणि त्या दोन कड्यांमधून एक अरुंद वाट समुद्रावर उतरते. गाव जगायचं ते त्या वाटेवर. का? कारण त्या जमिनीला माती नाही. खडक आहे. ओहोटीला बायका खाली जायच्या, खडकांवरचं समुद्री शेवाळ कापून पाठीवरच्या टोपल्यांत भरायच्या, वर आणायच्या आणि खडकावर वाळू आणि शेवाळ पसरून त्यांची माती करायच्या. त्या मातीत बटाटा लावायचा. शेवाळ नाही तर माती नाही, माती नाही तर बटाटा नाही, आणि बटाटा नाही तर तिथे दुसरं काहीच नाही.

जमीन होती एका लॉर्डची. तो लंडनला राहायचा. त्याच्या वतीने गावावर हुकूम चालवायचा त्याचा कारभारी, हॅलिडे साहेब. तीस वर्षं तिथे राहून हा माणूस गावाच्या भाषेतला एक शब्द शिकला नव्हता. त्या काळी शेवाळ जाळून त्याची राख काच आणि साबण बनवणाऱ्यांना विकत. हॅलिडेच्या मनात आलं की शेवाळ गावाला कशाला, ते लॉर्डचंच आहे, होड्यांतून नेऊन विकता येईल. त्याने हुकूम काढला, कड्यांमधली वाट भिंत घालून बंद करायची. बारा पावलं लांब, पुरुषभर उंच. गावातल्या भिंती कशा उघडतात हे त्याने इतक्या वर्षांत पाहिलं होतं, म्हणून वर बजावलं की ही भिंत उघडलेली दिसली तर उघडणाऱ्याच्या घराचं छप्पर काढलं जाईल आणि त्याला पहिल्या गलबतात बसवून समुद्रापार पाठवलं जाईल.

आणि भिंत रचायची कोणी? जी सगळ्यात चांगली रचते तिने.

संध्याकाळी गावातले म्हातारे कॉलमनच्या चुलीभोवती जमले. नाब्ला तिथेच बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. ते पाइप ओढत बोलत राहिले, की साहेबाशी भांडून काय मिळालंय आजवर, आपल्या बापजाद्यांनी याहून वाईट दिवस काढले, वाट बंद झाली तर भूशिर आहे ना, त्याला वळसा घालून जाता येतं. वळसा सात मैलांचा होता. निसरड्या खडकांवरून. आणि पाठीवर ओल्या शेवाळाची टोपली घेऊन तो वळसा घालणाऱ्यांपैकी एकही जण त्या चुलीपाशी बसलेला नव्हता. शेवाळ आणणं हे बायकांचं काम होतं. असं चालायचंच, म्हणाले म्हातारे. जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना हे एकच वाक्य कोण शिकवतं, कोण जाणे.

नाब्लाने भिंत रचली. नऊ दिवस लागले. भिंत इतकी नीट उभी राहिली की हॅलिडे घोड्यावरून उतरून तिच्यावर हात फिरवत राहिला. फक्त एक दगड, कमरेच्या उंचीवर, जरा विचित्र बसला होता. त्याचं एक टोक वीतभर बाहेर आलेलं. भिंत रचणाऱ्या कुठल्याही माणसाला लाज वाटावी असा. हॅलिडेला त्यातलं काय कळणार?

पण तो मूर्ख नव्हता. त्याने चुन्याची बादली मागवली आणि ब्रशाने भिंतीवर एक पांढरी रेघ ओढली, खालच्या एका कोपऱ्यापासून वरच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, तिरकी. आता एक जरी दगड काढून परत बसवला आणि तो बोटभर इकडेतिकडे झाला, तरी रेघ तुटणार होती. दर एक-दोन दिवसांनी न्याहारी आटोपून तो घोड्यावरून यायचा, रेघ बघायचा आणि जायचा.

बायका वळसा घालू लागल्या. तिसऱ्याच आठवड्यात युना भूशिरावरून घसरली. टोपलीसकट पडली, गुडघा खडकावर फुटला आणि ती कायमची लंगडी झाली. तिला चौघींनी उचलून घरी आणलं. म्हातारे येऊन बसले, हळहळले, आणि म्हणाले, देवाची इच्छा.

त्यावर नाब्ला जे बोलली ते गावाला अजून पाठ आहे. ती म्हणाली, "देवाने वाट ठेवली होती. भिंत आपण घातली. मी घातली."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला ती अकरा बायकांना घेऊन भिंतीपाशी गेली. तो विचित्र बसलेला दगड तिने बाहेर आलेल्या टोकाने धरला आणि ओढला. तो अलगद निघाला. तो निघाल्यावर त्याच्या वरचे सुटे झाले, मग त्यांच्या शेजारचे. हां हां म्हणता तीन पावलांची वाट मोकळी झाली. भिंत रचतानाच तिने ते मनात धरलं होतं, पण नऊ दिवसांत आजोबांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

उतरवणं सोपं होतं. प्रश्न परत रचण्याचा होता. त्या तुकड्यात एकशे सात दगड होते आणि प्रत्येकाला जिथल्या तिथे, जसाच्या तसा जायचं होतं. रेघ तुटली की संपलं. खुणा करायच्या तर खुणा दिसतात. लिहून ठेवायचं तर लिहिता कोणालाच येत नव्हतं. मग नाब्लाने काय केलं? तिने दगडांना नावं ठेवली.

एक दगड पाहिला की बसलेल्या कोंबडीसारखा दिसायचा, तर तो बसकी कोंबडी. एक मधोमध फुगलेला, तो पाद्रीबाबाचं पोट. एकाला ओघळ आल्यासारख्या रेघा, ती रडकी. एक लाल डाग असलेला, तो युनाचा गुडघा. हे नाव युनानेच सुचवलं, हसत. एक लांब, टोकाला लाल, तो हॅलिडेचं नाक. आणि तो पहिला, बाहेर आलेला दगड, त्याचं नाव पडलं म्हातारा. कारण तो हलल्याशिवाय बाकीचा कोणीच हलत नव्हता. मग सगळी नावं त्यांनी एकामागून एक गुंफली, कोणाच्या उजवीकडे कोण, कोणाच्या डोक्यावर कोण, आणि त्याचं एक गाणं झालं. दगडाकडे नीट बघितलं की त्याचं नाव कळायचं, आणि नाव कळलं की गाण्यात त्याची जागा सापडायची.

वर्षभर ती वाट उघडत होती आणि बंद होत होती. असं म्हणतात की दोनशे वेळा ती भिंत उतरली आणि दोनशे वेळा चढली, आणि पांढरी रेघ केसभरही हलली नाही. हॅलिडे यायचा. रेघ बघायचा. वर खडकावर ताजं शेवाळ पसरलेलं बघायचा. परत रेघ बघायचा. त्याने भूशिरावर शिपाई बसवले, तिथे कोणी फिरकेना; भिंतीपाशी बसवले, पण शिपायांना पहाटेची थंडी मानवत नसे. शेवटी तो स्वतःच म्हणू लागला की ही माणसं समुद्रावरून उडत येत असावीत.

आणि गावातले म्हातारे? त्यांना माहीत होतं. शेवाळ दारात येत होतं, वळसा कोणी घालत नव्हतं, मग माहीत नसायला काय झालं? पण कळून न कळल्यासारखं करणं ही त्या वयाची खास विद्या आहे. बायका गाय पिळताना, पीठ मळताना ते गाणं गुणगुणायच्या. कॉलमन वैतागायचे. दिवसभर कोंबडी काय, पोट काय, या बायकांना काही कामधंदा नाही का, म्हणायचे. नातीने रचलेली ती भिंत त्यांनी वर्षभरात एकदाही जाऊन पाहिली नव्हती. त्यांच्याच घरात, त्यांच्याच चुलीपाशी ती भिंत ठरली होती, आणि युना त्यांच्या डोळ्यांसमोर लंगडत होती. त्यामुळे ते त्या बाजूला जात नसत.

पण माणूस किती दिवस तग धरणार? साठ वर्षं भिंती रचलेला माणूस, आणि गावभर नातीच्या भिंतीचं नाव. एका रविवारी सगळे प्रार्थनेला गेले असताना कॉलमन काठी टेकत टेकत कड्यांमधल्या वाटेवर गेले. भिंत पाहिली. खालून पाहिली, वरून पाहिली, फटींतून वारा कसा जातो तो कान लावून ऐकला. त्यांना ती आवडली. असं म्हणतात की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग त्यांना तो दगड दिसला. वीतभर बाहेर आलेला.

आता बघा, चोराने तो दगड तसाच ठेवला असता. शिपायाने ठेवला असता. पाद्रीबाबांनी ठेवला असता. तो दगड तसा बघून गप्प बसू शकणार नाही असा एकच माणूस त्या किनाऱ्यावर होता. पोरीची चूक राहिली, कोणी बघण्याआधी आपण निस्तरू, असं म्हणून कॉलमननी कापऱ्या हातांनी तो दगड ओढून काढला, उलटा केला आणि असा चपखल आत बसवला की भिंत धन्य झाली. मग ते समाधानाने घरी आले. भर उन्हात डोळे बारीक करून भिंत पाहणाऱ्या त्या म्हाताऱ्याला चुन्याची रेघ दिसलीच नव्हती. ती त्या दगडाच्या बाहेरच्या तोंडावरून जात होती. आता ते तोंड आत गेलं होतं.

सोमवारी हॅलिडे आला आणि त्याला रेघेत बरोबर एका दगडाएवढा खंड दिसला.

त्याने दोन शिपाई पाठवून सगळ्या गावाला वाटेवर गोळा केलं. पाद्रीबाबांनाही बोलावलं, साक्षीला. भिंत कोणी उघडली हे त्याने विचारलंच नाही. जिने रचली तिनेच उघडली, हे त्याने धरून टाकलं. नाब्लाच्या घराचं छप्पर काढायचं आणि तिला शनिवारच्या गलबतात चढवायचं, असा हुकूम त्याने वाचून दाखवला. बायकांच्या लक्षात आलं की आपण काल दगडाला हात लावलेला नाही. नाब्लाने उलटा बसवलेला दगड पाहिला. तो किती सुंदर बसवला आहे हे पाहिलं, आणि तिला कोणाचा हात तो कळून चुकलं. पण तिने आजोबांचं नाव घेतलं नाही.

सगळे गप्प होते. कॉलमनही गप्प होते. किती वेळ, याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही. कोणी म्हणतं एक श्वासभर, कोणी म्हणतं भरती यायला लागेपर्यंत. मला वाटतं, बराच वेळ असावा. आयुष्यभर ज्यांना कोणी जाब विचारलेला नसतो त्यांना तोंड उघडायला वेळ लागतोच.

मग ते पुढे आले आणि साहेबाच्या भाषेत, तरुणपणी परगावी मजुरी करताना शिकलेल्या मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाले, "तिने नाही. दगड मी फिरवला. भिंत मी उघडतो."

हॅलिडे हसला. म्हणाला, "तुला स्वतःचा चमचा धरता येत नाही."

"मग समोर करून दाखवतो. पाड तू. मी रचतो. दिवस मावळायच्या आत रेघ पुरी आली तर ही वाट गावाची. नाही आली तर तिच्याबरोबर मलाही गलबतात घाल."

हॅलिडेला मजा वाटली. ऐंशी वर्षांचा कापरा म्हातारा आणि तिरकी रेघ. त्याने पाद्रीबाबांसमोर आणि शिपायांसमोर शब्द दिला. अट एवढीच, की दुसऱ्या कोणी दगडाला हात लावायचा नाही, आणि बोट दाखवायचं नाही. मग शिपायांनी त्या फिरवलेल्या दगडापासून सुरुवात करून जे सुटे निघाले ते तीन पावलांतले एकशे सात दगड काढून गवतावर फेकले आणि पायांनी ढवळून एकत्र केले.

कॉलमन त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. तेव्हा त्यांना समजलं की त्यांना यातलं काहीच येत नाही. भिंत रचता येत होती, आयर्लंडमधल्या कोणाहीपेक्षा चांगली. पण ही भिंत? हा दगड कुठे होता? तो कुठे होता? नाब्ला दहा पावलांवर उभी होती आणि तिने बोट उचललं तरी सगळं संपणार होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला विचारलं, त्यांच्या भाषेत, "कुठे ठेवू, पोरी?"

नाब्लाने जपमाळ काढली. ती गुडघ्यांवर बसली. तिच्यामागे युना बसली, लंगडा पाय पुढे पसरून. मग अकराच्या अकरा बायका बसल्या. त्यांनीही जपमाळा काढल्या. आणि चर्चमध्ये संतांची नावं घेतात तशा चालीत नाब्लाने गंभीर, खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बसकी कोंबडी, खडकाच्या कुशीत, तळाशी."

बायका म्हणाल्या, "आम्हांसाठी विनंती कर."

"रडकी, कोंबडीच्या उजव्या हाताला."

"आम्हांसाठी विनंती कर."

"पाद्रीबाबाचं पोट, दोघींच्या मध्ये, वर."

"आम्हांसाठी विनंती कर."

पाद्रीबाबा लालबुंद झाले आणि त्यांनी मान खाली घातली. हॅलिडेला वाटलं, बायका म्हाताऱ्याच्या जिवासाठी प्रार्थना करताहेत. तो सभ्य माणूस होता. त्याने टोपी काढली.

कॉलमन ऐकत होते. वर्षभर जी बडबड त्यांनी डोक्यावर घोंगडी घेऊन टाळली होती, ती ते आता कान टवकारून ऐकत होते. आधी त्यांना दगड सापडेनात. ते भिंत रचणाऱ्याच्या डोळ्यांनी बघत होते, तळ कुठला, तोंड कुठलं. मग ते बायकांच्या डोळ्यांनी बघू लागले, आणि ढिगात एक कोंबडी दिसली. एक रडका चेहरा दिसला. असं म्हणतात की त्यानंतर नाव घेतलं की दगड ढिगातून आपणच पुढे सरकू लागले. असंही म्हणतात की त्यांच्या हातांचा कंप थांबला आणि दगड लोकरीसारखे हलके झाले. आणि असंही म्हणतात की त्या संध्याकाळी सूर्य बुडायचा थांबला. तिकडे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतोच, हे मला माहीत आहे. पण गावात जाऊन हे बोलू नका.

एकशे सहा दगड बसले. रेघ खालून वर चढत आली, आणि एकाच जागी तुटलेली राहिली. कॉलमनच्या हातात शेवटचा दगड होता. त्यांनी तो काल जसा बसवला होता तसा, चपखल, आत घालायला उचलला. साठ वर्षांचा हात होता तो.

"म्हातारा," नाब्ला म्हणाली. "तोंड बाहेर. पाय बाहेर. आहे तसा, वाकडा."

बायकांनी उत्तर दिलं नाही. कॉलमन थांबले. दगडाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, त्याचं नाव काय ते त्यांना कळलं होतं, आणि का तेही. मग त्यांनी तो फिरवला आणि वाकडा बसवला.

पांढरी रेघ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अखंड गेली.

हॅलिडेने तिच्यावर बोट फिरवलं, एकदा आणि परत एकदा. मग टोपी घातली, घोड्यावर बसला आणि निघून गेला. दिलेला शब्द त्याने पाळला. का पाळला, यावर गावात आजही दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पाद्रीबाबांसमोर दिला होता म्हणून. दुसरा म्हणतो, तो त्या भिंतीला घाबरला. त्याला वाटलं की एका म्हाताऱ्यासाठी केलेली प्रार्थना ऐकून दगड जर असे जागेवर जात असतील, तर उद्या आपलं नाव घेऊन या बायका काय करतील? त्यांनी त्याचं नाव आधीच घेतलेलं होतं, दुसऱ्या थरात, हे त्याला कधीच कळलं नाही.

वाट गावाची झाली. भिंत मात्र तशीच राहिली, कारण नाब्लाने ती पाडू दिली नाही. समुद्रावरून येणारा वारा अडवायला ती बरी होती, आणि उघडायची कशी हे आता सगळ्यांना येत होतं. म्हाताऱ्यांनासुद्धा. शनिवारी गलबत सुटलं ते तिच्याशिवाय.

कॉलमन त्यानंतर तीन वर्षं जगले. ते गेले आणि नाब्लाही गाव सोडून निघाली, स्वतःच्या मर्जीने, पायी, किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे. कुठे गेली? कोणी म्हणतं ती तीन परगण्यांत भिंती रचत फिरली. कोणी म्हणतं ती बेटांवर गेली. तिची कबर कुठेच नाही. पण आयर्लंडच्या त्या बाजूला अजूनही एखाद्या भिंतीत एक दगड वीतभर बाहेर आलेला सापडतो, बाकीची भिंत निर्दोष. मग लोक म्हणतात, नाब्ला इथे येऊन गेली. यातल्या काही भिंती ती जन्मायच्या आधीच्या आहेत आणि काही माझ्या आईच्या वयाच्या. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आता किलनाक्लॉयमध्ये शेवाळाची माती कोणी करत नाही. बटाटा दुकानात मिळतो. तरी दर वर्षी वसंतातल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीच्या दिवशी गाव त्या भिंतीपाशी जमतं. त्याला नाब्लाचा दिवस म्हणतात. आदल्या दिवशी रेघेवर नवा चुना फिरवतात. सकाळी भिंत उतरते, सगळे समुद्रावर जातात, एकेक मूठ शेवाळ घेऊन येतात, आणि मग भिंत परत चढते. त्या दिवशी गावात जे कोणी हजर असतील, त्यांच्यापैकी वयाने सगळ्यात मोठा जो असेल, त्याने दगड लावायचे. तो गावचा असो की पाहुणा, शेतकरी असो की मंत्री. आणि गावातली एक तरुण मुलगी त्याच्यासमोर बसून नावं घेते. नियम एकच आहे. प्रत्येक दगड उचलल्यावर त्याने तिला विचारायचं, कुठे ठेवू. स्वतःच्या मनाने ठेवलेला दगड धरला जात नाही.

मागच्या वर्षी सगळ्यात वयस्कर निघाले ते एक पाहुणे, शहराकडचे निवृत्त न्यायाधीश, नातवंडांबरोबर सहलीला आलेले. नावं घ्यायला होती केइला नावाची मुलगी, जवळच्या शहरात कॉलेजात शिकणारी. न्यायाधीशांनी पहिला दगड उचलला, चष्मा सारखा केला, भिंतीकडे पाहिलं आणि तो जिथे जावा असं त्यांना वाटलं तिथे ठेवला. केइलाने तो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी दुसरीकडे ठेवला. तिने परत काढून दिला. त्यांनी तिला समजावून सांगितलं की हा दगड रुंद आहे, तो तळालाच हवा, हे कोणालाही दिसेल. ती ऐकत होती, मान डोलावत होती, आणि त्यांचं बोलणं संपल्यावर तिने तो दगड तिसऱ्यांदा त्यांच्या हातात दिला.

गाव उभं होतं. नातवंडं उभी होती. खाली भरती चढायला लागली होती आणि कोणालाही घाई नव्हती.

चौथ्या वेळेला न्यायाधीशांनी दगड दोन्ही हातांत धरला, जड होता तो, आणि विचारलं.